नाझरेथची गिटार

नाझरेथविषयी नथनेलाने फिलिपापाशी जी शंका बोलून दाखविली, ती योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आली असून आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. अमेरिकेतही एक नाझरेथ आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील हे छोटे गाव मोरेव्हियन बंधुसंघाच्या लोकांनी अठराव्या शतकात वसविले. हे लोक यान हुसची परंपरा सांगणारे. हुसला १४१५ साली जिवंत जाळण्यात आले आणि त्याच्या क्रूर मृत्यूबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ च्या डिसेंबरात खेद व्यक्त केला. मधल्या ५८४ वर्षांत त्या जळालेल्या माणसाच्या वारसदारांनी देशोदेशी स्थलांतर केले, भजने रचली, वाद्यवृंद उभारले आणि आपल्या वसाहतींना नाझरेथ, बेथलेहेम अशी नावे दिली. त्यांच्या या नाझरेथमध्ये १८३९ साली एक जर्मन कारागीर येऊन स्थायिक झाला. त्याचे नाव ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन (१७९६–१८७३). आज ज्या वादनशैलीविषयी लिहावयाचे योजिले आहे, तिच्या इतिहासाचे एक टोक या माणसाच्या कार्यशाळेत आहे.

मार्टिन मूळचा सॅक्सनीमधील मार्कनॉयकिर्शन या गावचा. घराणे सुतारांचे, लाकडी सामान घडविणाऱ्या कारागिरांच्या संघात त्यांची नोंद. व्हिएन्नाच्या योहान गेओर्ग श्टाउफर या नामांकित कारागिराकडे त्याने गिटार बनविण्याची कला आत्मसात केली. परंतु गावी परतल्यावर त्याला एका विलक्षण भांडणात सापडावे लागले. व्हायोलिन बनविणाऱ्यांच्या संघाने अधिकाऱ्यांकडे तक्रार केली, की सुतारांना गिटार बनविण्यास मनाई करावी. त्यांचा युक्तिवाद असा, की आम्ही कलावंत आहोत, आमच्या कामास अभिरुची लागते. हे सुतार ते केवळ हातकामाचे धनी. सुतारांनी आपला हक्क नेटाने राखला खरा. पण अशा संघबद्ध जगात नव्या कल्पनेला वाव नाही हे ओळखून मार्टिनने १८३३ साली न्यूयॉर्क गाठले आणि सहा वर्षांनी नाझरेथ. व्हायोलिनने गिटारला पायरी दाखविल्याचा हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे शंभर वर्षे हेच नाटक निराळ्या रंगमंचावर चालू राहिले.

तो रंगमंच म्हणजे अॅपलाचिअन पर्वतराजी. व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतून पसरलेल्या या डोंगराळ मुलखात अठराव्या शतकापासून स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड व इंग्लंड येथून आलेली कुटुंबे वस्ती करून राहिली. त्यांनी व्हायोलिन आणले. तेथे त्याला ‘फिडल’ म्हणतात. बँजो आणला तो गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी. भोपळ्यावर कातडे ताणून केलेल्या त्यांच्या देशीच्या वाद्यांचा तो वंशज. फिडल आणि बँजो या जोडीवर डोंगरातील नाच, लग्ने, कापणीचे मेळावे पार पडत. गिटार पाहुण्यांत सर्वांत शेवटी आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सीअर्स रोबक व माँटगोमेरी वॉर्ड या शिकागोच्या व्यापाऱ्यांच्या जाडजूड यादीपुस्तकांतून टपालाने वस्तू मागविता येऊ लागल्या, तेव्हा काही डॉलरांत गिटार घरपोच मिळू लागली. म्हणजे ‘जुने संगीत’ म्हणून जे आज गौरविले जाते, त्यातील हे अत्यावश्यक वाटणारे वाद्य वस्तुतः टपालाने आलेले आहे.

सुरुवातीच्या गिटारींना आतड्याच्या तारा असत व आवाज दिवाणखान्यापुरता. पोलादी तारांनी तिला दम दिला. मार्टिनच्या कारखान्याने १९२२ पासून पोलादी तारांसाठी म्हणून गिटारी घडविण्यास आरंभ केला. पुढे रुंद कमरेची, खोल पोटाची मोठी गिटार निघाली. १९०६ साली ब्रिटिश आरमारात दाखल झालेल्या ‘ड्रेडनॉट’ या अजस्र युद्धनौकेचे नाव तिला मिळाले. युद्धनौकेचे नाव धारण करणारे वाद्य नाझरेथ नावाच्या गावी तयार व्हावे, यावर प्रवचनकाराने काय भाष्य करावे ते मी सहव्यवसायी बंधूंवर सोपवितो.

एवढे झाले तरी गिटारचे स्थान बदलले नव्हते. प्रायश्चित्तकाळात वाद्यांनी केवळ गायनाला आधार द्यावा, स्वतंत्रपणे वाजू नये, असा आपल्या उपासनाविधीचा नियम आहे. डोंगरातील गिटारला हा प्रायश्चित्तकाळ बारमाही होता. खर्जाच्या तारेवर एक आघात, मग वरच्या तारांवर एक फटकारा. फिडल नाचते आहे तोवर ताल आणि स्वरसंगती धरून ठेवावी, एवढेच तिचे कर्तव्य. जॉर्जियाचा अंध गायक रायली पकेट (१८९४–१९४६) याने दोन आघातांच्या मधल्या फटींत खर्जाच्या चपळ स्वरमालिका पेरल्या, तेव्हा ती प्रथमच जरा बोलू लागली.

१९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल या शहरी व्हिक्टर कंपनीचा प्रतिनिधी राल्फ पीअर ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन उतरला. एक ऑगस्ट रोजी तेथे कार्टर कुटुंब आले: ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि सारेची मावस बहीण मेबेल. मेबेल तेव्हा अठरा वर्षांची होती आणि तिच्या बाळंतपणास जेमतेम सहा आठवडे उरले होते. तिने गिटारवर केले ते असे: आंगठ्याने खर्जाच्या तारांवर गाण्याची चाल वाजवावयाची आणि चाल चालू असतानाच बोटांनी वरच्या तारांवर ताल झाडावयाचा. आधार देणारीनेच चाल सांगावी, हा बदल साधा दिसतो. पण त्या तबकड्या ऐकून गिटार हाती धरणाऱ्या मुलांची संख्या मोजता येणार नाही.

येथे एका नावाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक. सिमेंटच्या कारखान्यातील अपघातात त्याने एक पाय गमावला होता. ब्रिस्टलनंतर लवकरच त्याची ए. पी. कार्टर यांच्याशी गाठ पडली. गाणी गोळा करण्यासाठी दोघे गावोगाव हिंडत. कार्टर शब्द उतरवून घेत आणि रिडल चाल डोक्यात साठवून आणी. मेबेलनेही बोटांनी वाजविण्याची एक पद्धत त्याच्याकडून घेतली व ते तिने मोकळेपणाने सांगितले. परंतु गोळा केलेल्या गाण्यांवर स्वामित्वाची नोंद झाली ती कार्टरांच्या नावे. रिडल १९४२ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरला निघून गेला आणि पुढे त्याने गिटार विकून टाकली. १९६५ मध्ये माइक सीगर या संशोधक-वादकाने मेबेलच्या सांगण्यावरून त्याला हुडकून काढले व त्याचे वादन मुद्रित केले; ते त्याच्या नावाने प्रसिद्ध झाले १९९३ मध्ये, तो हयात नसताना. संत आणि संतचरित्रकार यांच्याविषयी सेमिनरीत आम्ही जे शिकलो, त्यावरून एवढे कळले होते, की ज्याच्या हाती लेखणी त्याचे नाव उरते. रिडलची कहाणी वाचताना त्याची पुन्हा आठवण झाली.

बिल मन्रो (१९११–१९९६) याच्या बाबतीतही असाच ऋणानुबंध आहे. ‘ब्लूग्रास’ हे ज्याच्या वाद्यवृंदाच्या नावावरून आले, तो हा केंटकीचा मँडोलिनवादक. पोरवयात तो आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय खाणकामगाराच्या फिडलला नाचाच्या रात्री गिटारची साथ करी. शुल्ट्झ १९३१ मध्ये वारला; त्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. मन्रोने मात्र त्याचे नाव आयुष्यभर घेतले. मन्रोच्या संचात १९४५ मध्ये लेस्टर फ्लॅट व अर्ल स्क्रग्ज दाखल झाले आणि ब्लूग्रासला तिचे आजचे रूप आले. जुन्या संगीतात सर्व वाद्ये एकच चाल एकदम वाजवीत. ब्लूग्रासमध्ये एकेकाने पुढे येऊन आपली फेरी घ्यावयाची. फिडल पुढे येई, बँजो येई, मँडोलिन येई. गिटार मागे राही. फ्लॅटने ओळीच्या शेवटी वाजविलेली एक छोटी, वर चढत जाणारी स्वरमालिका सर्वतोमुखी झाली. पण तीही वाक्याअंती यावयाच्या पूर्णविरामासारखीच.

गिटार पुढे का येत नव्हती, याचे कारण केवळ अवहेलना नव्हे. तिच्या रचनेतच अडचण आहे. फिडलच्या चार तारा षड्ज-पंचम अंतराने लावलेल्या असतात. नाचाच्या चाली त्या चार तारांवरच जन्मल्या, त्यामुळे हात न हलविता बोटांखाली येतात. शिवाय गजाच्या एका ओढीत चार-चार स्वर बांधता येतात. गिटारच्या सहा तारा मात्र षड्ज-मध्यम अंतराने लावतात व त्यातही एक जागा गांधाराची. फिडलची चाल तेथे विस्कटते, डावा हात भलत्याच तारेवर धावतो. प्रत्येक स्वराला उजव्या हाताचा स्वतंत्र आघात लागतो. नाचाच्या गतीला सेकंदास सात-आठ स्वर, आणि दोन स्वरांमध्ये तार ओलांडावयाची! हे साधावयास आंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरलेली एकच चपटी नखी वापरतात, म्हणून या शैलीस ‘फ्लॅटपिकिंग’ म्हणतात. तिचा मूलमंत्र सतारीच्या ‘दा’ आणि ‘रा’ या बोलांसारखाच आहे. मात्रेवर नखी खाली, अर्ध्या मात्रेवर वर. तार कोणतीही असो, हा क्रम शक्यतो मोडावयाचा नाही. उत्तम नखी पूर्वी समुद्री कासवाच्या कवचाची असे. १९७३ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर त्या व्यापारास बंदी झाली आणि ते योग्यच झाले.

या शैलीस एकच जनक शोधणे व्यर्थ आहे. बँजोसाठी प्रसिद्ध असलेल्या डॉन रेनोने १९५० च्या दशकात नखीने वाजविलेली गिटार मुद्रित केली. स्टॅन्ली बंधूंच्या संचात बिल नेपियर व नंतर जॉर्ज शफलर यांनी तिला पुढे आणले. तेथील कारण मोठे बोलके आहे. संच गरीब होता, फिडलवाला परवडत नव्हता आणि सिनसिनाटीच्या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या मालकाला गिटारचाच सोस होता. शफलरने मँडोलिनवरील एका युक्तीवरून नखीने तीन तारांवर झोके घेत वाजविण्याची रीत बसविली व संथ गाण्यांतील रिकाम्या जागा भरून काढल्या. टंचाईतून शैली उपजते ती अशी.

परंतु ज्याच्यामुळे जगाने गिटारकडे मान वळविली तो आर्थेल लेन वॉट्सन. नॉर्थ कॅरोलायनाच्या डीप गॅप या खेड्यात ३ मार्च १९२३ रोजी जन्म. वर्षाचा होण्यापूर्वीच डोळ्यांच्या विकाराने दृष्टी गेली. त्याची संगीताची पहिली आठवण आईच्या कुशीत ऐकलेल्या माउंट पॅरन चर्चमधील गायनाची. अकराव्या वर्षी बापाने त्याला बँजो करून दिला. त्यावर कातडे ताणले ते आजीच्या मेलेल्या मांजराचे. चौदाव्या वर्षी त्याच बापाने त्याला दोघांनी ओढावयाच्या मोठ्या करवतीच्या एका टोकाला उभे केले. आंधळ्या मुलाला कोपऱ्यात बसवून दया करण्याऐवजी त्याला घाम गाळावयास लावणाऱ्या या पित्याबद्दल वॉट्सनने पुढे वारंवार कृतज्ञता व्यक्त केली. आपणही कोणाच्या उपयोगाचे आहोत, हे त्याला करवतीने शिकविले. त्या काळी एका बुरशीच्या रोगाने पूर्व अमेरिकेतील चेस्टनटचे अब्जावधी वृक्ष वाळून उभे होते. भावाबरोबर त्यांतील काही तोडून, लाकूड चामडे कमावण्याच्या कारखान्यास विकून त्याने सीअर्सच्या यादीपुस्तकातून एक गिटार मागविली. एका थेट प्रक्षेपणाच्या वेळी निवेदकाला आर्थेल हे नाव अवघडल्यासारखे वाटले, तेव्हा श्रोत्यांतून कोणी ओरडले, ‘डॉक’ म्हणा! तेच नाव चिकटले.

डॉक पियानोचे सूर जुळवून देऊन संसार चालवी. १९५३ च्या सुमारास तो जॅक विल्यम्स नावाच्या माणसाच्या नाचगाण्यांच्या संचात लागला. हातात होती ती विजेवर चालणारी गिटार. संचात फिडलवाला नव्हता. पण लोकांना चौकोनी नाचासाठी फिडलच्या चाली हव्या असत. तेव्हा डॉकने त्या चाली एकेक करून विजेच्या गिटारवर नखीने बसविल्या. फिडलचे रिकामे आसन भरण्यासाठी, आणि तेही पोटासाठी!

१९६० मध्ये राल्फ रिन्झलर हा लोकसंगीताचा अभ्यासक क्लॅरन्स अॅश्ली या वृद्ध गायकाचे ध्वनिमुद्रण करावयास दक्षिणेत आला. अॅश्लीने साथीला डॉकला बोलाविले होते. विजेची गिटार पाहून रिन्झलर हिरमुसला. त्याला अस्सल, जुने, अकलंकित काही हवे होते. उसनी घेतलेली साधी गिटार वाजविण्यास डॉक राजी होईना. पुढे मालमोटारीतून जाताना रिन्झलरच्या हातचा बँजो त्याने मागून घेतला आणि असा वाजविला, की त्या अभ्यासकाचे डोळे उघडले. मग साधी गिटार आली, १९६१ मध्ये न्यूयॉर्कचा कार्यक्रम झाला, १९६३ मध्ये न्यूपोर्टचा महोत्सव, १९६४ मध्ये पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका. तीत ‘ब्लॅक माउंटन रॅग’ ही फिडलची चाल एकट्या गिटारवर होती. शहरी श्रोत्यांनी तिला डोंगराचा पुरातन आवाज मानले. वस्तुतः ती दहा वर्षांपूर्वी, विजेच्या तारेवर, एका नोकरीच्या गरजेतून घडली होती.

या ठिकाणी माझ्या वाचनाचा ओघ खंडित झाला, हे कबूल करतो. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात मी नवा असताना गायनवृंदातील तरुण मिस्सेसाठी गिटार वाजविण्याची परवानगी मागावयास आले होते. माझ्या बालपणीच्या चर्चमध्ये व्हायोलिन व पायपेटी होती. ती माझ्या कानांत इतकी मुरली होती, की ‘आपली परंपरा नाही’ असे एकच वाक्य बोलून मी त्यांना वाटेस लावले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच उपासनेस योग्य ठरतील अशा इतर वाद्यांना दार उघडले होते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. आणि व्हायोलिन तरी आपल्या किनाऱ्यावर कोणाच्या गलबतातून उतरले, हा प्रश्न त्या मुलांनी मला विचारला नाही. त्यांच्यापैकी दोघे पुढे गायनवृंदात आलेच नाहीत. असो.

डॉकचा मुलगा एडी मर्ल १९४९ मध्ये जन्मला. पंधराव्या वर्षी तो गिटार शिकला, तीही बापाकडून नव्हे तर आईकडून, कारण बाप तेव्हा दौऱ्यावर होता. पुढे वीस वर्षे मर्ल बापाचा सहवादक, सारथी आणि डोळे झाला. २३ ऑक्टोबर १९८५ रोजी शेताजवळ ट्रॅक्टर उलटून तो मरण पावला, वय ३६. डॉकने गाणे सोडण्याचे ठरविले. अंत्यविधीच्या आदल्या रात्री त्याला स्वप्न पडले. आपण कमरेपर्यंत चिखलात रुतलो आहोत, भोवती काळोख आहे, एवढ्यात एक बळकट हात आला आणि मुलाचा आवाज पुढे चालत राहा असे सांगू लागला. थोड्याच दिवसांत डॉक पुन्हा मंचावर होता. मुलाच्या स्मरणार्थ १९८८ पासून विल्क्सबरो येथे दरवर्षी संगीतमेळा भरू लागला. २९ मे २०१२ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी डॉक निवर्तला. त्यापूर्वी एक वर्ष बून या गावच्या रस्त्याकडेला, जेथे तो तरुणपणी नाण्यांसाठी वाजवीत असे, त्याचा पुतळा बसविण्यात आला. आपणास लोकांपैकीच एक म्हणावे, एवढीच त्यावरील मजकुराबाबत त्याची अट होती.

डॉकला लॉस एंजेलिसच्या एका संगीतगृहात ऐकून पेटलेला एक मुलगा म्हणजे क्लॅरन्स व्हाइट (१९४४–१९७३). घराणे फ्रेंच-कॅनेडियन, मूळचे आडनाव लब्लां, त्याचेच व्हाइट झाले. डॉकचे स्वर मात्रेवर ठाम पडत. क्लॅरन्स त्यांना मागे-पुढे ढकली, अपेक्षित जागी गप्प राही आणि अनपेक्षित जागी बोले. डॉकने गिटारला फिडलची भाषा दिली, तर क्लॅरन्सने तिला स्वतःची दिली, असे माझे मत आहे. १९७३ च्या जुलैत कॅलिफोर्नियात पामडेल येथे रात्रीचा कार्यक्रम आटोपून सामान गाडीत चढवीत असताना एका मद्यधुंद चालकाच्या मोटारीने त्याला उडविले. अंत्यविधी पामडेलच्या सेंट मेरीज कॅथलिक चर्चमध्ये झाला. थडग्यापाशी दोन मित्रांनी न ठरविता एक जुने प्रोटेस्टंट भजन म्हटले.

त्याची एक गिटार होती. नाझरेथमध्ये १९३५ साली घडलेली मार्टिन, क्रमांक ५८९५७. तिच्या तोंडाचे भोक कोणीतरी कोरून मोठे केलेले, पट्टी दुसऱ्याच कंपनीची बसविलेली. शास्त्रशुद्ध दृष्टीने पाहता बिघडविलेलेच वाद्य. ती गिटार टोनी राइस नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाने १९६० मध्ये क्लॅरन्सच्या हाती पाहिली होती. १९७५ मध्ये त्याने तिचा माग काढला आणि ५५० डॉलरला ती विकत घेतली. तिच्यावर त्याने जे वाजविले, त्याचे अनुकरण आज या शैलीतील बहुतेक तरुण करतात. १९९३ च्या वादळात त्याच्या फ्लॉरिडातील घरात समुद्राचे पाणी शिरले व गिटार बुडाली. सांधे उकलले, पुन्हा जोडले, पुन्हा वाजली. १९९४ मध्ये त्याचा गाण्याचा गळा गेला. २०१३ नंतर हातही थांबले. २०२० च्या नाताळच्या सकाळी स्वतःसाठी कॉफी करीत असताना टोनी राइसने देह ठेवला.